एक लांब, दोन बारीक

कॉम्प्युटर बंद पडला की माणसं खोटं बोलतात. हे वाक्य माझं नाही, त्रिभुवन सरांचं आहे. पंचवीसेक वर्षं गावभरचे बंद पडलेले कॉम्प्युटर सुरू करून दिल्यावर ते म्हणायचा त्यांना अधिकार होता. पोटात दुखायला लागलं तर माणूस डॉक्टरला काय खाल्लं ते निदान अर्धं तरी खरं सांगतो. पण कॉम्प्युटर सुरू होईना झाला की वकील, प्राध्यापक, देवळाचे विश्वस्त, झाडून सगळे एकच वाक्य म्हणतात, "मी काहीच केलं नाही हो, आपोआपच बंद पडला." मीही तसंच खोटं बोलले आहे, तीनदा, आणि तेही सरांच्या तोंडावर. पण ते पुढे येईलच. आधी सर.

ते कुठल्या शाळा-कॉलेजात शिकवत नव्हते. तरुणपणी एका कॉम्प्युटर क्लासची लॅब सांभाळायचे, तिथली मुलं त्यांना सर म्हणायची. क्लास कधीचा बंद पडला, सर तेवढे राहिले. उंच, किडकिडीत, पांढरा शर्ट, इस्त्रीची पँट. स्कूटर इतकी जुनी की तिच्या वयावरून आम्ही त्यांना चिडवायचो. त्यांचं दुकान नव्हतं. टी.व्ही. सेंटरच्या मागे घर, आणि फोन केला की ते येणार, एवढाच त्यांचा धंदा. खांद्याला बायकोनं जुन्या पँटची शिवून दिलेली पिशवी. तिच्यात दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, रंगकाम करणाऱ्यांचा दोन इंची ब्रश, शाळेतल्या पोरांचं पांढरं खोडरबर आणि दुरुस्तीच्या नोंदींची एक लांबट वही. नव्या गिऱ्हाइकाला ती पिशवी बघून धडकी भरायची. एवढ्या महागड्या यंत्राला हा माणूस खोडरबरानं बरं करणार?

करायचे. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवायचे, फुंकर न मारता ब्रशनं झाडायचे आणि परत बसवायचे. निम्मी दुखणी तेवढ्यावर पळायची.

पण हे सगळं नंतर. आधी ते दारात बूट काढायचे, मग ऑफिस कितीही चकाचक असो. मग खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून थोडा वेळ उभे राहायचे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचं, माणूस देवाचं नाव घेतोय. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "अंगात वीज साठलेली असती मॅडम. ती आधी जमिनीला द्यायची, मग दुसऱ्याच्या घरात हात घालायचा." मग मांडी घालून खाली बसायचे आणि प्रश्न विचारायचे. तो प्रश्न "काय झालं?" असा कधीच नसे.

"शेवटी काय बदललं?"

ते म्हणायचे, मशीन रुसत नसतं आणि त्याला नजरही लागत नाही. काल चालत होतं आणि आज चालत नाही, म्हणजे मधे काहीतरी बदललंय. ते कोणी बदललं हे त्याला माहीत असतं, ज्यानं बदललं त्यालाही माहीत असतं. माहीत नसतं ते फक्त दुरुस्त करायला आलेल्याला. हा प्रश्न ते तीनदा विचारायचे. बसताना एकदा, कॅबिनेटचं झाकण काढताना एकदा, आणि तिसऱ्यांदा सेल हातात घेऊन.

सेलचं सांगायला हवं. कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावर नाण्याएवढा एक सेल असतो. मशीन बंद असतं तेव्हा किती वाजले आणि कोणत्या सेटिंग्ज ठरल्यात हे त्या सेलच्या जिवावर लक्षात राहतं. भलत्याच सेटिंगमुळे मशीन अडलं असेल तर सेल काढायचा, थोडं थांबायचं, परत घालायचा. मशीन सगळं विसरतं आणि कारखान्यातून आलं तसं सुरू होतं. पाच मिनिटं पुरतात. सर अर्धा तास थांबायचे. सेल काढून शर्टाच्या खिशात टाकायचे, वरून बटण लावायचे आणि म्हणायचे, "चला, चहा सांगा." एकदा आमच्या ऑफिसचे पाठक सर वैतागून म्हणाले, पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास कशाला? त्रिभुवन सर शांतपणे म्हणाले, "मशीनला विसरायला पाच मिनिटं पुरतात. माणसाला आठवायला वेळ लागतो."

त्या अर्ध्या तासात लोक कबूल व्हायचे. सर कोणाला खोदून विचारत नसत. बशीत चहा ओतून निवांत प्यायचे, पाऊसपाण्याचं बोलायचे, आणि समोरचा माणूस आपणहून सांगायला लागायचा की हो, काल भाच्यानं काहीतरी डाउनलोड केलं होतं खरं.

दौलताबादकडच्या एका शाळेची गोष्ट ते नाव न घेता सांगायचे. शाळेला नवाकोरा कॉम्प्युटर मिळाला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, शाळेनं बाकीच्या अवजारांबरोबर त्याचीही पूजा केली. सोमवारी तो सुरू होईना. मुख्याध्यापक म्हणाले, काहीच केलं नाही, आपोआपच बंद पडला. सरांनी झाकण काढलं तर आत अक्षता, हळद आणि झेंडूची एक पाकळी. सरांनी झाकण बाजूला ठेवलं. सेल खिशात टाकला, चहा आला. दहा मिनिटांनी मुख्याध्यापक म्हणाले, नारळ फोडला होता, पण तो पायरीवर. वीस मिनिटांनी म्हणाले, पायरीवर नीट फुटेना म्हणून टेबलाच्या कडेवर. चहा संपता संपता म्हणाले, कडेवरून सटकला.

"अन् मग?" आमच्या ऑफिसातली नाझनीन हसून हसून बेजार झाली होती.

"मग काय, बोर्ड काढला, पुसला, सावलीत वाळत घातला. दोन दिवसांनी सुरू झाला." मग ते म्हणाले, "त्यांना वाटलं, मी हसंल. माझ्या घरात बाबासाहेबांचा अन् बुद्धाचा फोटो, मी काय पूजा करत नाय. पण दुसऱ्यानं मनापासून केलेलीला का हसायचं? फूल वाहा म्हणलं. पाणी तेवढं लांब ठेवा."

ते वैजापूरच्या अलीकडच्या एका खेड्यातले. बारावीनंतर शहरात आले, वसतिगृहात राहिले आणि त्या क्लासच्या लॅबमध्ये लागले. काम काय, तर मशीनवरची धूळ पुसायची, पोरांना नंबरानं बसवायचं आणि गेल्यावर सगळं बंद करायचं. शिकवणारे पुण्याहून यायचे आणि इंग्रजीत बोलायचे. "इंग्रजी मला पुस्तकातलं यायचं, तोंडातलं नाय," सर सांगायचे. "पोरं मान डोलवायची, तर मी पण डोलवायचो. लई दिवस नुसती मान डोलवली." मग एक दिवस मशीनबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्यांना एक तक्ता सापडला. बटण दाबल्यावर मशीन आधी स्वतःची तपासणी करतं. पडदा लागायच्या आत काही बिघडलेलं आढळलं तर लिहून सांगायची सोय नसते, म्हणून ते बीप देतं. किती बीप, लांब की बारीक, म्हणजे आखूड, त्यावरून दुखणं कळतं. एक लांब आणि दोन बारीक म्हणजे डिस्प्ले कार्ड. लांब लांब येतच राहिल्या तर रॅम. आणि बीप आलीच नाही, तर बोर्डाचं काही खरं नाही. सरांनी तो तक्ता शब्दकोश घेऊन मराठीत उतरवला आणि पाठ केला.

"पडदा काळा असतो ना मॅडम, तवा इंग्रजी येणारा अन् न येणारा दोघं सारखेच," ते म्हणायचे. हे सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. पहिल्यांदा एक मशीन बंद पडलं, पुण्याचे सर डोकं खाजवत बसले, आणि धूळ पुसणाऱ्या या मुलानं मागून सांगितलं, "रॅम सैल झालीय." त्या दिवसापासून त्यांना सर म्हणायला लागले, असं नाझनीनचं म्हणणं. ते स्वतः असं कधी म्हणाले नाहीत.

आम्ही त्यांना ओळखायला लागलो त्या काळात ते फोनवरूनसुद्धा निदान करायचे. फोन कॅबिनेटला लावून बटण दाबा म्हणायचे, ऐकायचे आणि काय करायचं ते सांगायचे. शेवटच्या दोनेक वर्षांत मात्र ते बंद झालं. फोन केला की "येऊनच बघतो" म्हणायचे. आले की कॅबिनेटच्या आत स्पीकर असतो त्यावर बोट टेकवून बसायचे. आम्हाला वाटलं, वयानुसार माणसाला एकेक लकब लागते, तशी ही.

आता माझा प्रताप.

उस्मानपुऱ्यात आमचं इंटिरियरचं छोटंसं ऑफिस आहे. पाठक सर मालक, नाझनीन नकाशे काढते, आणि मी लोकांना त्यांचं न झालेलं घर झाल्यासारखं दाखवते. कॉम्प्युटरवर खोली उभी करायची, तिच्यात सोफा, पडदे, उजेड घालायचा आणि त्याचं चित्र तयार करायला मशीनला लावून द्यायचं. एका चित्राला तीन-तीन तास लागायचे. नवं मशीन मागायचं तर पाठक सरांपुढे तोंड वेंगाडावं लागणार. म्हणून मी व्हिडिओ बघायला लागले. प्रोसेसरला बनवणाऱ्यानं एक वेग ठरवून दिलेला असतो. त्याहून जास्त वेगानं त्याला पळवता येतं, त्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. व्हिडिओतली मुलं हे इतक्या सहज करत होती की मला वाटलं, चाळिशीच्या बाईला हे जमणार नाही असं कोण म्हणतं? कोणी म्हणालं नव्हतं, तरी वाटलं. जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसात कोणी नसताना, मी वेग थोडा वाढवला. तीन तासांचं चित्र दोन-सव्वादोन तासांत आलं. दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते. तिसऱ्या दिवशी मी वेग आणखी वाढवला.

पडदा काळा. पंखे फिरताहेत, दिवा लागतोय, पण पडद्यावर काही नाही. मला दरदरून घाम फुटला. दुसऱ्या एका व्हिडिओत बघून मी झाकण उघडलं, डिस्प्ले कार्ड उपसून काढलं, घाईघाईनं परत खोचलं. काही उपयोग झाला नाही. मग सगळे स्क्रू होते तसे लावले, झाकणावरचे हाताचे डाग ओढणीनं पुसले आणि पाठक सर आल्यावर म्हटलं, "आपोआपच बंद पडला हो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. एका मोठ्या बंगल्याची चित्रं दोन दिवसांत द्यायची होती. पाठक सरांनी त्रिभुवन सरांना बोलावलं आणि स्वतः आतल्या केबिनमध्ये गिऱ्हाइकाची समजूत घालत बसले.

सर आले. बूट काढले, गज धरला, बसले.

"शेवटी काय बदललं मॅडम?"

"काही नाही सर."

त्यांनी झाकण काढलं. "शेवटी काय बदललं?"

"खरंच काही नाही."

बटण दाबून पाहिलं. पंखे फिरले, बाकी चिडीचूप. त्यांनी सेल काढला आणि हातात धरून माझ्याकडे पाहिलं. तिसऱ्यांदाही मी नाहीच म्हटलं. सेल खिशात गेला, चहा आला. त्या अर्ध्या तासात मी इतकी बडबड केली, इतकी बडबड केली, की नाझनीन माझ्याकडे बघायला लागली. मला गप्प बसायची भीती वाटत होती. सर बशीतून चहा पीत होते. त्यांनी काहीच विचारलं नाही.

सेल परत बसवून त्यांनी बटण दाबलं. आणि बीप आली. एक लांब, मग दोन बारीक. मी दचकले. तिचा अर्थ माझ्या डोक्यात कायमचा बसलेला, कारण त्यांनीच कधीतरी सांगितला होता.

सर कॅबिनेटला कान लावून बसले होते. बोट आत घालून ते स्पीकर चाचपत होते, पण या नव्या बोर्डाला नखाएवढा स्पीकर होता आणि तोही कार्डाच्या खाली, बोट पोचत नव्हतं.

"आवाज नाय," ते म्हणाले.

पुन्हा बटण दाबलं. पुन्हा एक लांब, दोन बारीक. नाझनीननं मान वर केली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी फरशीकडे पाहिलं. इतक्या जवळून, इतक्या स्पष्ट आवाजात येणारी बीप, आणि त्रिभुवन सर म्हणताहेत आवाज नाही. आम्हाला दोघींना आधी वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. त्यांचं कसं चुकेल?

त्यांनी वही उघडली. मी वरून वाचलं. "सेटिंग पुसली. बीप नाही. बोर्ड गेला."

त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. बोर्ड गेला म्हणजे दोष बोर्डाचा. मी वेग वाढवलेला त्या सेटिंगबरोबर पुसला गेला होता. कार्ड कोणी उपसलं हे आता कोणी विचारणार नव्हतं. झाकली मूठ तशीच राहणार होती. मी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं आणि सरांची चूक मला वाचवणार होती. नवा बोर्ड आणायला लागला असता एवढंच.

सर बोर्डाचे स्क्रू काढायला लागले. माझा पडलेला चेहरा बघून त्यांना वाटलं असावं, बाई कामाच्या काळजीत आहे. स्क्रू ड्रायव्हर फिरवत फिरवत ते मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. तुमची काय चूक नाय यात. बोर्ड जातात कधी कधी आपोआप."

आपोआप. आयुष्यभर कोणाचंही जे त्यांनी ऐकून घेतलं नाही, ते त्यांनी स्वतःहून मला देऊन टाकलं. मला ते घेववेना.

"सर, मी प्रोसेसरचा वेग वाढवला होता."

त्यांनी मान वर केली नाही. मी पुन्हा तसंच, बारीक आवाजात म्हटलं. त्यांनी विचारलं, "काय म्हणल्या?" तेव्हा मला कळलं की ते माझी परीक्षा घेत नाहीत. त्यांना खरंच ऐकू आलेलं नाही. तिसऱ्यांदा मी ओरडून सांगितलं. "सर, मी वेग वाढवला होता! आणि कार्ड काढून परत घातलं होतं! मी खोटं बोलले!" केबिनचं दार उघडलं आणि पाठक सर फोन कानाला लावून दारात उभे राहिले. जन्मात एकदा खरं बोलायचं ठरवलं, ते अख्ख्या उस्मानपुऱ्याला ऐकू गेलं.

सर माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता रागावतील.

"आणि सर, बीप येतेय," मी म्हटलं. "मघापासून येतेय."

त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर हळूच फरशीवर ठेवला.  मग म्हणाले, "किती?"

"एक लांब, दोन बारीक."

"परत दाबा. मोजा. नाझनीनबाई, तुम्ही पण."

मी दाबलं. नाझनीन घाबरत म्हणाली, "हां सर. एक लंबी, दो छोटी. बराबर आ रही है."

त्यांनी मान हलवली. कार्ड काढलं, कडेवर खोडरबर फिरवलं, परत बसवलं आणि बाजूची खिट्टी नीट लागली का ते डोळे जवळ नेऊन बघितलं. पडदा लागला. कोणी आनंदानं ओरडलं नाही. पाठक सर मला काय बोलायचं ते नंतर बोलले आणि त्यांचा तो हक्कच होता.

सर हात धुऊन आले. जायला निघाले नाहीत, बसून राहिले. मग आपणहून बोलायला लागले.

"दीड-दोन वर्षं झाली. आधी बारीक आवाज गेले. मी घरी म्हणायचो, शहरात चिमण्या राह्यल्या नाय आता. एक दिवस बायको म्हणली, अहो ह्या काय, अंगणात ओरडायल्यात." ते हसले, पण ते हसणं बघवत नव्हतं. "बोलणं येतं ऐकू, जाड आवाज येतो. बोटानं बीप कळायची, म्हणून म्हणलं, चाललंय. कोणाला सांगायचं? कान गेलेल्या माणसाला कोण बोलवील? मला दुसरं काय येतं?"

मग त्यांनी वही उघडली आणि मागची पानं चाळायला लागले. मी शेजारी बसून होते. एका पानावर त्यांचं बोट थांबलं. "बीप नाही. बोर्ड गेला." पुढे आणखी एका पानावर. मग आणखी एका. नऊ ठिकाणी तेच वाक्य होतं. 

"मी लोकांना खोटं बोलता म्हणायचो," ते म्हणाले.

ते त्या नऊही ठिकाणी गेले. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं, कोणाची तक्रारही नव्हती. काही जणांनी जुनं मशीन भंगारात दिलं होतं. एकानं दारातूनच परत पाठवलं. एक जण म्हणे हसला आणि म्हणाला, सोडा हो सर, कोण लक्षात ठेवतं. पैठणच्या खेपेला त्यांनी मला बरोबर यायला सांगितलं, "मोजायला कान लागतील" म्हणून. तिथं पैठणी विणणाऱ्या एक बाई राहतात, काठाचे मोर आणि पोपट कॉम्प्युटरवर चौकटीत मांडून मग मागावर घेतात. जुनं मशीन त्यांनी मागाच्या खाली पोत्यात गुंडाळून ठेवलं होतं. सरांनी गज धरला, बसले, सेल बदलला. मी बटण दाबलं. लांब बीप, परत लांब, परत लांब.

"लांब येतच राहिल्यात सर," मी मोठ्यानं म्हटलं.

रॅम. खोडरबर फिरलं आणि पडद्यावर बाईंचे दीड वर्षापूर्वीचे मोर एकेक करून उमटले. बाई हरखल्या. "अगं बाई! गेलेलं सगळं परत आलं की! मग तुमचं तोंड का असं सर?"

"ताई, ते गेलंच नव्हतं," सर म्हणाले. "मी गेलं म्हणून सांगितलं." आणि त्यांनी हात जोडले. बाईंनी ती सगळी नक्षी पुन्हा हातानं काढली होती, चार महिने डोळे फोडून. त्यांनी पडद्यावरच्या मोरांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चहा टाकते," आणि आत गेल्या.

येताना एसटीत खिडकीशी बसून सर म्हणाले, "आता बास मॅडम. मुलगी पण म्हणायली, बास करा." कानाचं मशीन त्यांनी लावून पाहिलं होतं. त्यात बीप यायची, पण पंखाही तेवढ्याच जोरात यायचा, मोजता काही येईना.  माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, की मी गप्प बसले असते तर या माणसाचं काम गेलं नसतं. आणि बसले असते तर बाईंचे मोर पोत्यातच राहिले असते. दोन्ही खरं होतं. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर त्यांचा फोन नाही. मी केला नाही, कारण काय बोलणार? यंदा पावसाळा सरता सरता ते गावी गेले होते, तिथंच वारले. आम्हाला चार दिवसांनी कळलं. नाझनीन रडली. मी घरी जाऊन रडले.

पण त्याआधी, उन्हाळ्यात, ते मला एकदा दिसले होते.

आईच्या पेन्शनचा एक फॉर्म भरायचा होता, म्हणून मी टी.व्ही. सेंटरच्या बाजूला ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात गेले. बाहेरपर्यंत गर्दी. कसलीतरी शेवटची तारीख होती आणि दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला होता. फुलंब्रीकडून आलेल्या बाया, कॉलेजच्या मुली, एक रिक्षावाला, काठी टेकत उभे असलेले एक म्हातारे, सगळे घामाघूम होऊन कुरकुरत होते. गर्दीच्या मधे, फरशीवर, बूट काढून सर बसले होते. मी दारातच थांबले.

त्यांनी मान वर केली आणि सगळ्यांना उद्देशून, शाळेत बोलतात तसं, मोठ्यानं म्हणाले, "ऐका. मला बारीक आवाज येत नाय ऐकू. तुम्हाला येतो. आता मी बटण दाबणार. लांब बीप आली तर अख्खा हात वर करायचा. बारीक आली तर एक बोट. कळलं का?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी फिसकन हसलं. सरांनी बटण दाबलं. काही हात वर गेले, काही बोटं, काही गेलेच नाहीत. एक मुलगी म्हणाली दोन, रिक्षावाला म्हणाला तीन.

"परत," सर म्हणाले. "घाई नाय."

रिक्षावाला बाहेर येऊन रस्त्यावरच्या भाजीवाल्याला ओरडला, "ए भाई, भोंगा बंद कर जरा, मशीन सुनना है!" भाजीवाल्यानं बंद केला. काठीवाल्या म्हाताऱ्यांनी कानामागे तळवा धरला. फुलंब्रीच्या बायांनी पोरांना गप्प केलं. अख्खं दुकान श्वास रोखून उभं राहिलं.

सरांनी बटण दाबलं. दारात मलाही ऐकू आली. सगळ्यांचा एक हात वर गेला, माझाही. मग एक बोट. मग आणखी एक. सर खाली बसून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओठ हलवत, वर झालेली बोटं मोजत होते.